वेस्टमाउंटमधले चार दिवस

माझे माहेर आणि सासर दोन्ही बेळगावचे. पस्तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर भाचीच्या आग्रहावरून मे महिन्यात कॅनडातल्या माँट्रियलला गेले. भाचीने नायगाराचे बेत आखून ठेवले होते, पण तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर एक वेगळे शहर आहे, चारही बाजूंनी माँट्रियलने वेढलेले, स्वतःचा महापौर असलेले आणि कायद्याने द्वैभाषिक दर्जा मिळालेले, हे तिने बोलता बोलता सांगितले आणि माझे मन तिथेच अडकले. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कोणती लिपी वर आणि कोणती खाली यावरून आमची तीन पिढ्यांची आयुष्ये ढवळून निघाली, त्या गावच्या माणसाला असे शहर पाहिल्यावाचून राहवत नाही. सुट्टीला जोडून आलेले चार दिवस मी वेस्टमाउंटसाठी मागून घेतले.

पहिला दिवस, शुक्रवार

भाची नोत्र-दाम-द-ग्रास या भागात राहते. तिथून शेरब्रुक रस्त्याने पूर्वेकडे चालत निघालो. क्लेअरमाँट अव्हेन्यूच्या आसपास माँट्रियल संपते आणि वेस्टमाउंट सुरू होते, पण नाका नाही, कमान नाही. बेळगावच्या लोकांना हे समजावून सांगावे लागणार नाही, कारण आमचा कॅम्प भागही वर्षानुवर्षे महापालिकेच्या नव्हे तर कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या ताब्यात राहिला आहे आणि सावलीदार रस्ता लागला की कॅम्प आला हे न सांगता कळते. इथे मला हद्द कळली ती रस्त्याच्या नावाच्या पाटीवरून. माँट्रियलच्या पाटीवर रस्त्याचा प्रकार सांगणारा शब्द फक्त फ्रेंचमध्ये, नावाच्या आधी असतो. वेस्टमाउंटच्या पाटीवर नावाच्या आधी ‘अव्हेन्यू’चे फ्रेंच संक्षिप्त रूप आणि नावानंतर इंग्रजी रूप होते. फ्रेंचमध्ये हा शब्द नावाच्या आधी येतो आणि इंग्रजीत नंतर, त्यामुळे मधले नाव एकदाच लिहून दोन्ही भाषांचे काम भागते. मी त्या कोपऱ्यावर बराच वेळ उभी राहिले. वर कोण आणि खाली कोण हा प्रश्नच त्या पाटीवर उद्भवत नव्हता. दोन्ही भाषांच्या व्याकरणानेच तो सोडवला होता.

माँट्रियल ज्या फ्रेंचबहुल क्वेबेक प्रांतात आहे, तिथे 1977 साली फ्रेंच भाषेची सनद लागू झाली. लोक तिला ‘101 क्रमांकाचा कायदा’ म्हणूनच ओळखतात. शिक्षण, कामकाज आणि पाट्या या सगळ्यांत फ्रेंचला अग्रस्थान मिळाले. थांबण्याच्या लाल अष्टकोनी पाटीवर क्वेबेकमध्ये बहुतेक ठिकाणी ‘आरे’ हा फ्रेंच शब्द दिसतो, खुद्द फ्रान्समध्ये मात्र त्याच पाटीवर ‘स्टॉप’ लिहितात. भाषेची भीती जिथे जास्त, तिथे पाटी जास्त कडक होते. या सनदेत ज्या नगरपालिकांना द्वैभाषिक म्हणून मान्यता आहे त्यांना आपला कारभार, सूचना आणि पत्रव्यवहार फ्रेंचच्या जोडीने इंग्रजीतही चालवता येतो. वेस्टमाउंट त्यांपैकी एक आहे. मान्यतेचा निकष असा, की गावातल्या निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा इंग्रजी असावी. 2022 च्या नव्या कायद्याने यात भर घातली: टक्का निम्म्याखाली घसरला असेल तर मान्यता जाईल, मात्र नगरपालिकेने ठरलेल्या 120 दिवसांत ठराव करून ती टिकवायची आहे असे कळवले तर ती राहील. भाचीने हे सांगितले तेव्हा मला आमच्याकडचा आकडा आठवला. भाषिक अल्पसंख्याकांना दिलेल्या संरक्षणांनुसार एखाद्या भागात त्यांचे प्रमाण 15 टक्के किंवा अधिक असेल तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, असे आपल्याकडे कागदावर आहे. आमच्या गावातल्या कित्येकांना हा 15 चा आकडा घरच्या दूरध्वनी क्रमांकासारखा पाठ आहे.

दुपार वेस्टमाउंट पार्क आणि सार्वजनिक ग्रंथालयात गेली. लाल विटांचे हे ग्रंथालय रॉबर्ट फिंडले या वास्तुविशारदाने बांधले आणि 1899 साली ते उघडले. लोकांच्या कराच्या पैशातून चालणारे क्वेबेकमधले हे पहिले सार्वजनिक ग्रंथालय. त्याला लागूनच 1927 चे काचेचे वनस्पतिगृह आहे. ग्रंथालयाच्या दारातल्या फलकावर सूचनांचे दोन स्तंभ होते, डावीकडे फ्रेंच आणि उजवीकडे इंग्रजी. बालविभागात एक आई लहान मुलीला इंग्रजी चित्रपुस्तक वाचून दाखवत होती आणि मुलगी तिला फ्रेंचमध्ये शंका विचारत होती. आई उत्तर फ्रेंचमध्ये देई आणि पुन्हा इंग्रजी ओळीवर येई. पुस्तकावरून तिचे बोट एकदाही हलले नाही. आमच्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना 1848 ची, म्हणजे या ग्रंथालयाच्याही अर्धशतक आधीची. तिथल्या मराठी कपाटांसमोर मी अशीच मुलींना घेऊन बसत असे, आणि त्यांतल्या काहींची घरची भाषा कन्नड होती.

परतताना 24 क्रमांकाची बस घेतली. बससेवा सबंध माँट्रियल बेटाची एकच असल्याने थांब्यांची सूचना फक्त फ्रेंचमध्ये झाली.

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी सहाला निघून समिट वुड्स या टेकडीवरच्या रानात गेलो. माँट रॉयल डोंगराला तीन शिखरे आहेत, त्यांपैकी वेस्टमाउंटकडचे हे. उंची सुमारे 200 मीटरच असली तरी चढ अंगावर येतो. घरे टप्प्याटप्प्याने वर गेली आहेत, आणि दोन रस्त्यांना जोडणारे दगडी-सिमेंटचे सार्वजनिक जिने मध्येच लागतात. खाली एकमेकींना चिकटलेली विटांची घरे, मग अंगणे, मग मोठी अंगणे आणि सर्वांत वर झाडांआड दडलेले दगडी वाडे, अशी ही चढण आहे. माणसाच्या मिळकतीचा नकाशा इतका उघडपणे जमिनीवर उतरलेला मी क्वचितच पाहिला असेल.

रान सुमारे 23 हेक्टरचे आहे. ही जागा मॅकगिल विद्यापीठाकडे होती, ती 1940 मध्ये नगराकडे आली आणि पक्ष्यांसाठी राखीव राहिली. मेच्या मध्याला दक्षिणेकडून उत्तरेला जाणारे चिमुकले वार्बलर पक्षी रात्रभर उडून पहाटे इथे उतरतात, कारण भोवती सगळी वस्ती आणि मधोमध हेच काय ते हिरवे बेट. पायवाटेच्या कडेला पांढऱ्या तीन पाकळ्यांच्या ट्रिलियमचे ताटवे फुलले होते. दुर्बीण लावून उभ्या असलेल्या एका आजींनी काही न बोलता माझा दंड धरून मला अर्धे वळवले आणि ओकच्या फांदीकडे बोट केले. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, अंगठ्याएवढा पक्षी, आणि गळा मात्र पेटत्या निखाऱ्यासारखा केशरी. आजी आधी फ्रेंचमध्ये नाव बोलल्या, माझा चेहरा पाहून इंग्रजीत म्हणाल्या, ब्लॅकबर्नियन वार्बलर. मराठीत त्याला नाव नाही, कारण तो आपल्याकडे येतच नाही. मी वहीत ‘निखारा’ असे लिहून ठेवले आहे.

जवळच्या दगडी सज्जावरून सेंट लॉरेन्स नदीचा रुपेरी पट्टा दिसला आणि त्याच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी, सँ-आँरी या जुन्या कामगार वस्तीची छपरे दिसली. तिथले लोक फ्रेंच बोलत, डोंगरावरचे इंग्रजी. कित्येक पिढ्या ही उंची आणि ही भाषा एकत्र चालल्या. 1960 च्या दशकात केंद्र सरकारने नेमलेल्या द्वैभाषिकता आयोगाने 1961 च्या उत्पन्नाचे आकडे मांडले, तेव्हा क्वेबेकमध्ये ब्रिटिश वंशाचे लोक यादीत वर आणि बहुसंख्य असलेले फ्रेंच वंशाचे लोक जवळजवळ तळाला निघाले. इथे माझ्या मनातल्या सोप्या तुलनेला तडा गेला. बेळगावहून येताना मी द्वैभाषिक गाव म्हटल्यावर आपोआप अल्पसंख्याकांच्या बाजूने उभी होते. पण इथला अल्पसंख्याक म्हणजे डोंगरावर राहणारा धनिक, ज्याची भाषा सगळ्या जगात चालते, आणि पाटीसाठी भांडणारा बहुसंख्याक म्हणजे स्वतःच्याच प्रांतात साहेबाच्या भाषेत नोकरी मागावी लागलेला माणूस. सहानुभूती कोणाच्या पारड्यात टाकावी हे त्या सज्जावर उभे राहून मला ठरवता येईना.

उतरताना कोत-सेंट-अँत्वान रस्त्याने आलो. हा फार जुना रस्ता आहे आणि तसा वळणावळणाचाही आहे. त्यावर 1739 च्या सुमाराचे उर्तुबीझ घर अजून उभे आहे: जाड दगडी भिंती, उतरते छप्पर, शेतकऱ्याचे घर. म्हणजे या डोंगरउतारावर पहिली शेते फ्रेंच लोकांची होती. गावाचे नावही 1879 पासून कोत-सेंट-अँत्वान असेच होते, ते 1895 मध्ये बदलून वेस्टमाउंट झाले. नाव बदलल्याने काय होते हे आम्हांला कोणी शिकवायला नको.

मरे हिल पार्कच्या कडेला बेलमाँट अव्हेन्यू आहे. कवी-गायक लेनर्ड कोहेन 1934 साली वेस्टमाउंटमध्ये जन्मला आणि या रस्त्यावरच्या घरात वाढला. घर खाजगी असल्याने आम्ही थांबलो नाही, बागेतल्या बाकावर बसलो. 1999 मध्ये हा माणूस मुंबईला येऊन रमेश बाळसेकर यांच्या सकाळच्या सत्संगाला बसत असे, हे माझ्या भाचीला ठाऊक नव्हते. बाळसेकर बँक ऑफ इंडियातून सर्वोच्च पदावरून निवृत्त झाले होते आणि त्यांचे गुरू निसर्गदत्त महाराज खेतवाडीत राहत. महाराजांचे बिडीचे दुकान होते, आणि ते बोलत ते मराठीतच. परदेशी जिज्ञासूंसाठी बाळसेकर त्यांचे बोलणे इंग्रजीत सांगत. मी तिला हे सांगत असताना ती एकदम म्हणाली, “म्हणजे मावशी, तो शेवटी एका दुभाष्याकडेच गेला म्हण ना.” मला ते पटले. ज्यूंचे प्रार्थनास्थळ सिनेगॉग, इंग्रजी शाळा आणि फ्रेंच शहर यांच्या मधोमध वाढलेल्या मुलाला दुभाष्या जवळचा वाटला असेल तर नवल नाही. केन्सिंग्टन अव्हेन्यूवरचे शार हशोमायिम, म्हणजे ‘स्वर्गाचे दार’, हे त्याच्या घराण्याचे सिनेगॉग. त्याचे पणजोबा आणि आजोबा तिथले अध्यक्ष होते, आणि 2016 मधल्या त्याच्या अखेरच्या ध्वनिमुद्रणात तिथल्याच गायकवृंदाचे स्वर आहेत. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, असल्याने आम्ही ते रस्त्याच्या पलीकडूनच पाहिले.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी नगरभवन पाहिले. ही 1922 ची दगडी वास्तूही फिंडले यांचीच. समोर पहिल्या महायुद्धात पडलेल्यांचे स्मारक आणि शेजारी लॉन बोलिंगचे हिरवेगार मैदान आहे. पांढऱ्या कपड्यांतले चार वृद्ध खेळत होते. एकाने मला चेंडू हातात दिला. दिसायला गोल, पण एका अंगाला किंचित चपटा, त्यामुळे वेग कमी होऊ लागला की तो आपोआप वळतो. सरळ टाकला तर ठरलेल्या जागी कधीच पोचत नाही, आधी बाहेरच्या बाजूला टाकावा लागतो. ते मला हे इंग्रजीत सांगत होते, मध्येच मैदानावरच्या जोडीदाराला फ्रेंचमध्ये काही म्हणाले, तो फ्रेंचमध्येच हसला आणि यांनी वाक्य इंग्रजीत पुरे केले. मी त्यांना विलीनीकरणाबद्दल विचारले तेव्हा त्यांनी हातातला चेंडू खाली ठेवला.

प्रांतिक सरकारने बेटावरच्या सगळ्या नगरपालिका 1 जानेवारी 2002 रोजी माँट्रियलमध्ये विलीन केल्या. 28 ची एक झाली. वेस्टमाउंटचे महापौर पीटर ट्रेंट या लढ्यात सर्वांत पुढे होते. सरकार बदलले आणि वेगळे व्हायचे असेल तर सार्वमत घ्या असा कायदा आला, पण अट अशी की नुसते बहुमत पुरे नाही, नोंदलेल्या मतदारांपैकी 35 टक्क्यांनी तरी वेगळे होण्याच्या बाजूने मत दिले पाहिजे. 20 जून 2004 रोजी मतदान झाले. वेस्टमाउंटमध्ये मत देणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक लोक वेगळे होण्याच्या बाजूने होते. 1 जानेवारी 2006 रोजी 15 गावे पुन्हा स्वतंत्र झाली. एका चेंडूफेकीच्या अंतरावर असलेल्या नगरभवनाकडे बोट करून वृद्ध म्हणाले, त्या दिवशी आम्ही फक्त आमच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या परत घेतल्या.

हे स्वातंत्र्य पूर्ण नाही. पोलीस, अग्निशमन, पाणी आणि सार्वजनिक वाहतूक हे सगळे सबंध बेटाच्या सामाईक परिषदेकडे असते आणि तिथे सुमारे 87 टक्के मते माँट्रियलची आहेत. वेस्टमाउंटच्या कराचा निम्म्याहून मोठा वाटा तिकडे जातो. सुमारे चार चौरस किलोमीटर आणि जेमतेम वीस हजार वस्तीच्या या गावाकडे उरते ते म्हणजे बागा, ग्रंथालय, आपल्या गल्ल्यांतला बर्फ आणि कचरा उचलणे, बांधकामावर बारीक नजर आणि वीज. होय, वीज: जवळजवळ सगळा प्रांत सरकारी हायड्रो-क्वेबेककडून वीज घेतो, पण इथली वितरणव्यवस्था अजून नगरपालिकेची स्वतःची आहे, तिचे नाव हायड्रो वेस्टमाउंट. 1906 मध्ये गावाचा कचरा जाळून त्यापासून वीज करणारे केंद्र इथे उभे राहिले होते. ही गोष्ट मला नगरभवनाच्या बुरुजापेक्षा मोठी वाटली. आमच्या गावाची महापालिकाही मराठी-कन्नड ठरावांवरून अनेकदा चर्चेत आली, पण ठरावाला बळ येते ते गावाच्या रोजच्या कामांतून, आणि या लोकांनी रोजची कामे हातची सोडली नाहीत.

दुपारी खालच्या भागात उतरलो. सेंट-कॅथरीन रस्त्यावर वेस्टमाउंट हायस्कूल आहे. कमला हॅरिस 1981 मध्ये इथूनच उत्तीर्ण झाल्या. त्यांच्या आई श्यामला गोपालन माँट्रियलमध्ये कर्करोगावर संशोधन करीत असल्याने मुलींचे पुढचे शालेय शिक्षण इथे झाले. शाळेच्या पलीकडून काही अंतरावर द्रुतगती महामार्ग जातो, ज्याच्यासाठी 1970 च्या आसपास खालच्या वेस्टमाउंटमधली घरांची रांगच्या रांग पाडली गेली. डोंगरावरच्या वाड्यांना धक्का लागला नाही. या गावातही पाडापाड खालच्यांच्याच वाट्याला येते हे लिहून ठेवले पाहिजे. रुळांखालच्या बोगद्यातून आम्ही सँ-आँरीत गेलो. पाच मिनिटांत पाट्यांवरचे इंग्रजी गेले, घरांचे बाहेरचे लोखंडी जिने आले आणि मागे वळून पाहिले तर टेकडी घराच्या माडीसारखी डोक्यावर उभी. 1945 साली गाब्रिएल रॉय यांनी याच वस्तीवर कादंबरी लिहिली, ती फ्रेंच वाचकांनी डोक्यावर घेतली. खालून पाहिलेला डोंगर वरून पाहिलेल्या डोंगराहून वेगळा असतो, हे कळायला मला त्या बोगद्यातून जावे लागले.

चौथा दिवस, सोमवार

आज सुट्टी. कॅनडाच्या पंचांगात हा व्हिक्टोरिया दिन आहे, क्वेबेकच्या पंचांगात 2003 पासून हाच सोमवार ‘देशभक्तांचा राष्ट्रीय दिन’ आहे, म्हणजे 1837-38 मध्ये राणीच्या राज्याविरुद्ध बंड करणाऱ्यांचा. एकाच दिवशी राणी आणि तिचे बंडखोर. व्हिक्टोरिया अव्हेन्यू, व्हिक्टोरिया हॉल अशी नावे मिरवणाऱ्या गावात नगरपालिकेच्या सूचनेवर दोन्ही नावे शेजारी शेजारी छापली होती, एक फ्रेंच स्तंभात आणि एक इंग्रजी स्तंभात. एकाचे भाषांतर दुसरे नव्हते, हे मला फार आवडले.

ग्रीन अव्हेन्यूची दुकाने आणि वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहे यांनी 1967 साली उभारलेले वेस्टमाउंट स्क्वेअरचे काळे मनोरे झरझर पाहून झाले. मला जायचे होते वर, लॅन्सडाउन अव्हेन्यूकडे. 17 मे 1963 रोजी क्वेबेकच्या स्वातंत्र्यासाठी हत्यार उचललेल्या गटाने वेस्टमाउंटच्या टपालपेट्यांत बॉम्ब ठेवले. टपालपेटी निवडली कारण तिच्यावर राणीच्या सरकारची खूण आणि वेस्टमाउंट निवडले कारण तिथे साहेब राहत. त्यांतला एक बॉम्ब निकामी करताना लष्कराचे सार्जंट-मेजर वॉल्टर लेजा यांच्या हातात तो फुटला. त्यांचा हात गेला आणि पुढचे आयुष्य पक्षाघातात गेले. भाषेच्या प्रश्नावर आमच्याकडेही रक्त सांडले आहे, हुतात्मा चौकात दरवर्षी मी जाते. म्हणून कोणत्याही बाजूच्या माणसाचा हात असा गेलेला मला ऐकवत नाही.

एका कोपऱ्यावर आज उभी असलेली टपालपेटी लाल आहे आणि तिच्यावर खात्याचे नाव दोन्ही भाषांत लिहिलेले आहे. मी आदल्या दिवशी घेतलेले चित्रपत्र पर्समधून काढले. चित्र वनस्पतिगृहाचे होते. मागे पाच ओळी मराठीत लिहिल्या, धाकट्या बहिणीचा बेळगावचा पत्ता देवनागरीत लिहिला आणि त्याखाली रोमन लिपीत पुन्हा लिहिला. देशाचे नाव कोणत्या भाषेत लिहू असे भाचीला विचारले. “इथून दोन्ही चालतील मावशी,” ती म्हणाली. मी आधी फ्रेंच, मग इंग्रजी असे दोन्ही लिहिले, त्यामुळे तिकिटाला जागा कमी पडली आणि ते थोडे चित्रावर वळवून चिकटवावे लागले. पेटीची झडप जड होती. भाचीने ती धरून ठेवली आणि मी पत्र आत सोडले.